परदेशचा खर्च आणि घरचा रुपया

परदेशी निघालेल्या माणसाला घरची मंडळी पुष्कळ उपदेश करतात. गरम कपडे बरोबर घे, लोणच्याची बरणी नीट बांध, पोचताच फोन कर, असे सारे सांगून होते. परंतु ज्या उपदेशाची त्याला सर्वांत अधिक गरज असते तो बहुधा राहून जातो; कारण तो करण्यासाठी कागद-पेन्सिल घेऊन तासभर एका जागी बसावे लागते. रुपये देऊन परकीय चलन घेताना नेमके काय घडते, आणि परदेशातील दोन वर्षांचा खर्च कोणत्या नाण्यात मांडावा, हा तो विषय होय.

हा विषय आता केवळ मुंबई-पुण्याच्या धनिकांचा राहिलेला नाही. भोपाळची अरेरा कॉलनी घ्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले, आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर या गावांहून सरकारी नोकरीच्या निमित्ताने कितीतरी मराठी कुटुंबे येथे आली. पुढे वसलेल्या अरेरा कॉलनीत, ई-एकपासून ई-आठपर्यंतच्या विभागांत, अशा घरांची दुसरी-तिसरी पिढी आज नांदते आहे. आजोबांची बदली नागपूरहून भोपाळला झाली तेव्हा गाव बदलले, शेजार बदलला, बोलण्यात हिंदी आली. पण नागपूरचा रुपया भोपाळातही रुपयाच होता. नात जर्मनीला किंवा अमेरिकेला निघते तेव्हा मात्र पहिला बदल रुपयाचा होतो. तो बदल नीट उमजला नाही तर निवृत्त माणसाची आयुष्यभराची पुंजी, कोणीही चोरी न करता, हळूहळू कमी होत जाते.

प्रथम दराविषयी. वर्तमानपत्रात अमुक रुपयांना एक डॉलर किंवा एक यूरो असा जो आकडा छापून येतो, तो बँकांच्या आपापसांतील मोठ्या व्यवहारांचा ठोक भाव असतो. करोंदच्या मंडीतील ठोक भाव वाचून बिट्टन मार्केटात भाजी घ्यायला गेलेल्या गृहिणीला त्या भावाने भाजी मिळत नाही, व त्याबद्दल ती रागावतही नाही. परकीय चलनाचेही तसेच आहे. चलन बदलून देणाऱ्याच्या फलकावर दोन दर असतात, एक खरेदीचा व एक विक्रीचा. हे शब्द गिऱ्हाइकाच्या बाजूने नव्हेत, दुकानदाराच्या बाजूने वाचावयाचे असतात. तो ज्या दराने विकतो त्या दराने आपल्याला यूरो मिळतो. आणि तो ज्या दराने घेतो त्या दराने आपल्याजवळचा यूरो जातो.

हिशेबाला सोपे जावे म्हणून असे धरू, की यूरोचा ठोक भाव १०० रुपये आहे, आणि फलकावर खरेदी ९७ व विक्री १०३ असे दर आहेत. एक लाख रुपये देणाऱ्याला सुमारे ९७१ यूरो मिळतील. दुसऱ्या दिवशी प्रवास रद्द होऊन त्याने तेच यूरो परत केले, तर त्याच्या हाती सुमारे ९४,१७५ रुपये येतील. जगात कोठेही दर हलला नाही, तरी पाच हजार आठशे रुपये गेले. 'कमिशन नाही' अशी पाटी लावलेल्या दुकानातही हे घडते, कारण कमिशन दराच्या पोटात असते. याशिवाय चलनबदलाच्या सेवेवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. तो सगळ्या रकमेवर नसून नियमाने ठरवून दिलेल्या तिच्या लहानशा भागावर लागतो. एक लाख रुपयांच्या व्यवहारावर तो १८० रुपये होतो आणि दहा लाखांवर ९९० रुपये. म्हणजे खरा खर्च कराचा नसून दोन दरांमधील अंतराचा आहे.

म्हणून चार ठिकाणी चौकशी करताना 'दर काय?' हा प्रश्न पुरत नाही. 'अमुक इतके यूरो त्या खात्यात पूर्ण पोचण्यासाठी मी एकूण किती रुपये द्यावयाचे?' असे विचारावे. या एका प्रश्नात दर, कर, बँकेचा आकार व मधल्या बँकेची कपात ही चारही येतात. मधल्या बँकेची कपात ही तर विशेष लक्षात ठेवण्याजोगी बाब आहे. भोपाळहून निघालेली रक्कम पुष्कळदा एखाद्या तिसऱ्या बँकेच्या हातून जाते व ती आपली मजुरी त्यातून कापून घेते. मग विद्यापीठाकडे शुल्क वीस-पंचवीस डॉलरांनी अपुरे पोचते आणि तेवढ्यासाठी प्रवेश अडकून राहतो. ही मजुरी पाठविणाऱ्याने द्यावयाची की घेणाऱ्याच्या रकमेतून जावयाची, हे पैसे पाठवितानाच लिहून द्यावे लागते.

व्यवहार कोणाशी करावा, हेही येथेच सांगितले पाहिजे. जुन्या होशंगाबाद रस्त्यावर रिझर्व्ह बँकेचे कार्यालय आहे. पण तेथे जाऊन कोणाला डॉलर विकत घेता येत नाहीत. रिझर्व्ह बँकेने परवाना दिलेल्या बँका व मुद्रा-विनिमयक यांच्याकडूनच ते घ्यावयाचे. ओळखीतला कोणी दोन रुपये स्वस्त देतो म्हणून पावतीवाचून घेतलेले चलन मुळीच स्वस्त नसते. ते कायद्याच्या बाहेर असते, आणि त्याचा कागद नसल्यामुळे उरलेले चलन परत देतानाही अडचण येते. पन्नास हजार रुपयांपर्यंतचे चलन रोख रुपये देऊन घेता येते. त्यापुढची रक्कम धनादेशाने किंवा खात्यातूनच द्यावी लागते. बहुतेक देशांच्या प्रवासाला परकीय नोटा तीन हजार डॉलरांच्या मोलाइतक्याच बरोबर नेता येतात. बाकीची रक्कम कार्डावर किंवा बँकेमार्फत न्यावी.

इथपर्यंतचा भाग दुकानदारीचा झाला. खरा प्रश्न याच्या पुढे आहे. आज दर अमुक आहे; परंतु शिक्षण दोन वर्षे चालणार, आणि दोन वर्षांत दर हलणार. तो हलला तर नुकसान कोणी सोसावयाचे? या प्रश्नाचे महत्त्व एका थोर विद्यार्थ्याच्या चरित्रातून फार चांगले समजते, आणि त्याचा जन्म याच प्रदेशातला आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. ती शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंडांची होती. त्या काळी रुपयाचा भाव एक शिलिंग चार पेन्स, म्हणजे एका पौंडाला पंधरा रुपये होता. त्या हिशेबाने ही रक्कम महिना सुमारे १७२ रुपये होते. येथे लक्षात घ्यावयाचे ते असे, की शिष्यवृत्तीचा आकडा रुपयांत नसून पौंडांत होता. रुपया घसरला असता तर विद्यार्थ्याच्या हाती येणारे पौंड कमी झाले नसते; अधिक रुपये बडोदा दरबाराला मोजावे लागले असते. दराचा धोका धनवंताच्या खांद्यावर होता, विद्यार्थ्याच्या नव्हे.

सात वर्षांनंतरचे चित्र निराळे होते. मधल्या काळात मुदत संपून त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले होते. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून शिल्लक टाकलेले पैसे, नवल भथेना या मित्राचे कर्ज व कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य एवढ्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. तो काळ चलनाच्या दृष्टीने मोठा विलक्षण होता. १९२० च्या आरंभी रुपया दोन शिलिंगांच्याही वर चढला होता; १९२१ मध्ये तो एक शिलिंग चार पेन्सांच्याही खाली उतरला. दोन शिलिंगांच्या भावाने एक हजार रुपयांचे शंभर पौंड होतात. एक शिलिंग चार पेन्सांच्या भावाने साडेसहासष्टांच्या आसपास. रुपयांत साठविलेल्या पुंजीचा एक तृतीयांश भाग असा केवळ दरात जाऊ शकत होता. या वेळी धोका विद्यार्थ्याचा स्वतःचा होता. रुपयाचा प्रश्न हाच त्यांनी लंडनच्या पदवीसाठी प्रबंधाचा विषय म्हणून घेतला, आणि १९२३ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. चलनाची अस्थिरता सर्वांत अधिक कोणाला भोवते, हा प्रश्न त्या काळी लंडनमध्ये काटकसरीने राहणाऱ्या हिंदी विद्यार्थ्याला केवळ पुस्तकी वाटण्याजोगा नव्हता.

स्वातंत्र्यानंतरचा अनुभवही हेच सांगतो. १९४९ च्या सप्टेंबरात पौंडाबरोबर रुपयाचेही अवमूल्यन होऊन डॉलर ४ रुपये ७६ पैशांच्या भावाला आला, आणि त्या भावाला तो सतरा वर्षे टिकला. इतका दीर्घकाळ न हललेला आकडा लोकांना निसर्गनियमासारखा वाटू लागला होता. मग ६ जून १९६६ रोजी डॉलर साडेसात रुपयांचा झाला व पौंड १३ रुपये ३३ पैशांवरून २१ रुपयांवर गेला. महिना चाळीस पौंडांवर राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या घरी आदल्या दिवशीपर्यंत ५३३ रुपयांची तरतूद पुरत होती. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच पौंडांना ८४० रुपये लागू लागले. मुलाने एक पैसाही जास्त खर्च केला नव्हता. दीड वर्षाने, १९६७ च्या नोव्हेंबरात, इंग्लंडने आपल्या पौंडाचे अवमूल्यन केले आणि तो २१ वरून १८ रुपयांवर उतरला. तेव्हा पौंड आणखी महागेल या भीतीने ज्याने ते आधीच घेऊन ठेवले असतील, त्याला उलट तोटा झाला. दराचा पुढचा पाय कोठे पडेल हे सांगण्याचा धंदा शहाण्या माणसाने करू नये, एवढा बोध या दोन तारखांतून घ्यावा.

त्या दशकात आणखी एक अडचण होती. देशाजवळच परकीय चलन तुटपुंजे असल्यामुळे परदेशी जाणाऱ्याला खिशात तीन पौंड, म्हणजे सुमारे आठ डॉलर, एवढेच घेऊन विमानात चढावे लागे. उतरल्या दिवशीच्या टॅक्सीलाही ते पुरत नसत; म्हणून विमानतळावर कोणी परिचित न्यायला येईल ना, ही अर्थकारणाचीच बाब होती. १९७३ च्या परकीय चलन कायद्याने बंधने अधिक आवळली. १९९९ चा नवा कायदा २००० च्या जूनपासून अमलात आला तेव्हा दृष्टी पालटली. २००४ च्या फेब्रुवारीत व्यक्तीला वर्षाकाठी २५,००० डॉलर बाहेर पाठविण्याची मुभा देणारी योजना रिझर्व्ह बँकेने काढली. २०१३ मध्ये रुपया कोसळला असताना तिची मर्यादा दोन लाखांवरून ७५ हजारांवर आणण्यात आली, आणि २०१५ मध्ये ती अडीच लाख डॉलर झाली.

म्हणजे जुन्या पिढीला चलन मिळत नव्हते. नव्या पिढीला ते मिळते, पण त्याचा भाव कोणी बांधून दिलेला नाही. १९९१ च्या जुलैत दोन दिवसांच्या अंतराने रुपयाचे दोनदा अवमूल्यन झाले. २०१३ च्या ऑगस्टात डॉलर ६८ रुपयांच्या वर गेला, २०२२ च्या ऑक्टोबरात ८३ च्या घरात पोचला, आणि २०२५ च्या डिसेंबरात त्याने ९० रुपयांची पातळी ओलांडली. बडोदा दरबारासारखा धोका घेणारा पाठीशी नसलेल्या कुटुंबाने हा चढ गृहीत धरूनच बेत आखला पाहिजे.

आता हे प्रत्यक्ष करून पाहू. अरेरा कॉलनीतील एखादे घर कल्पावे. गृहस्थ राज्य शासनाच्या सेवेतून निवृत्त झालेले. पत्नी शाळेतून निवृत्त व्हावयाची. मुलगी अभियांत्रिकी पूर्ण करून जर्मनीत दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासाला निघालेली. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीचे शुल्क नाही, म्हणून जर्मनी निवडलेली. भविष्यनिर्वाह निधीतून या कामासाठी २५ लाख रुपये बाजूला काढलेले.

जर्मनीने एक उपकार असा केला आहे, की विद्यार्थ्याला राहण्यासाठी किती लागते याचा आकडा त्या देशाने स्वतःच ठरवून दिला आहे. २०२४ च्या सप्टेंबरात तो वर्षाला ११,९०४ यूरो, म्हणजे महिना ९९२ यूरो, असा ठरला. एवढी रक्कम आधी एका बंद खात्यात भरावी लागते. मग दरमहा ९९२ यूरो विद्यार्थ्याच्या हाती पडतात.

वडील कागदावर मांडतात. यूरो १०० रुपये. एका वर्षाचे ११,९०,४०० रुपये. दोन वर्षांचे २३,८०,८००. पंचवीस लाखांतून एक लाख एकोणीस हजार शिल्लक. घर समाधानाने झोपते.

या मांडणीत तीन छिद्रे आहेत. पहिले छिद्र दराचे. दोन वर्षांचे यूरो २३,८०८. यूरो सरासरी १०५ रुपयांना पडला तर रक्कम होते २४,९९,८४०, आणि पंचवीस लाखांतून उरतात १६० रुपये. पहिल्या वर्षाची रक्कम आधीच भरल्यामुळे ती १०० च्या भावाने सुटली असे मानले, तरी दुसऱ्या वर्षी यूरो ११० झाल्यास उत्तर हेच येते. एका यूरोला एक रुपया वाढला, की वर्षाचा खर्च ११,९०४ रुपयांनी वाढतो. हा आकडा अशा घराने भिंतीवर लिहून ठेवावा. बाजाराचे भाकीत करण्यापेक्षा तो अधिक उपयोगी आहे.

दुसरे छिद्र पहिल्या महिन्याचे. विमानाचे भाडे, व्हिसाचे शुल्क, विद्यापीठाची सहामाही वर्गणी, हिवाळी कपडे, आणि घरमालकाकडे ठेवावयाची अनामत हे सारे ९९२ च्या बाहेरचे आहे. जर्मन कायद्याप्रमाणे अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत मागता येते. ती बुडत नाही, घर सोडताना परत मिळते. पण तिची तरतूद आधीच करून ठेवावी लागते. आरोग्यविमा विद्यार्थ्यालाही सक्तीचा आहे. त्याचे दरमहा सव्वाशे ते दीडशे यूरो त्या ९९२ मधूनच जातात. राहिले सुमारे साडेआठशे, आणि त्यांत खोली, जेवण व वह्या-पुस्तके.

तिसरे छिद्र घरच्या बाजूचे. परदेशी पाठविलेल्या रकमेवर काही मर्यादेपुढे बँक आयकरापोटी आगाऊ वसुली करते. ही पद्धत १ ऑक्टोबर २०२० पासून सुरू झाली. आरंभी मर्यादा सात लाखांची होती, ती एप्रिल २०२५ पासून दहा लाख झाली. आणि मान्य वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून शिक्षणासाठी पाठविलेल्या रकमेवरची वसुली त्याच वेळी काढून टाकण्यात आली. दर अर्थसंकल्पागणिक बदलत आले आहेत; म्हणून पैसे पाठविण्याच्या आठवड्यात बँकेत विचारून घ्यावे. ही वसुली म्हणजे नवा कर नव्हे, विवरणपत्र भरल्यावर ती वजा किंवा परत मिळते. तथापि ज्याची निवृत्तीनंतरची मिळकत कराच्या टप्प्याच्या खाली आहे, त्याचा पैसा तोपर्यंत कित्येक महिने अडकतो, आणि नेमका त्याच काळात तो हवा असतो.

मग उपाय काय? पहिला उपाय असा, की मूळ अंदाजपत्रक रुपयांत करूच नये. खर्च यूरोंत व्हावयाचा, तर यादी यूरोंत करावी, बेरीज यूरोंत करावी, आणि अगदी शेवटी एकदाच रुपयांत आणावी. तीही आजच्या दराने नव्हे, तर त्याहून दहा टक्के चढ्या दराने. वरच्या उदाहरणात ११० च्या दराने २६,१८,८८० रुपये होतात. म्हणजे या घराने पंचवीस लाख पुरतील असे न म्हणता, पहिल्या महिन्याचा खर्च धरून तीस लाखांची तयारी असल्याशिवाय निघू नये, अथवा उरलेल्यासाठी कर्जाची मंजुरी आधीच घेऊन ठेवावी. दर चढला नाही तर पैसे उरतील. उरलेल्या पैशाने आजवर कोणाचे घर बुडाले नाही.

दुसरा उपाय असा, की दुसऱ्या वर्षाची रक्कम एका दिवसाच्या दरावर सोडू नये. तीन-चार हप्त्यांत ती घेतली, की कधी महाग तर कधी स्वस्त पडून सरासरी गाठता येते. प्रत्येक खेपेला बँकेचा आकार लागतो, म्हणून हप्ते फार लहान करू नयेत.

तिसरा उपाय सर्वांत महत्त्वाचा. ज्या चलनात खर्च, त्याच चलनात थोडी तरी मिळकत असावी. साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीने जे संरक्षण दिले, तेच संरक्षण आज विद्यापीठाची शिष्यवृत्ती किंवा नियमाने परवानगी असलेले काम देते. जर्मनीत २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस अथवा २८० अर्धे दिवस काम करण्याची मुभा झाली. महिना तीनशे यूरो मिळाले, तर तेवढ्या तीनशेंवर रुपयाच्या घसरणीचा काहीही परिणाम होत नाही. परंतु असे काम मिळेलच हे धरून अंदाजपत्रक आखू नये. विशेषतः पहिल्या सहामाहीत, भाषा व अभ्यास दोन्ही नवे असताना, ते मिळेल असे मानणे धोक्याचे आहे.

पैसे पोचल्यावर व्यवहार कसा करावा, याविषयी थोडेसे. दुकानात कार्ड दिले असता यंत्र कधी कधी विचारते, की रक्कम रुपयांत घ्यावी की तेथल्या चलनात? रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो म्हणून पुष्कळजण तो निवडतात, आणि दुकानाच्या बाजूने लावलेला महाग दर पत्करतात. तेथल्या चलनातच रक्कम द्यावी. भारतातील क्रेडिट कार्ड परदेशी वापरले तर पुष्कळदा वर सुमारे साडेतीन टक्के आकार लागतो. म्हणून रोजच्या खर्चाला तेथलेच खाते उघडावे व हे कार्ड केवळ अडचणीसाठी ठेवावे. केवळ प्रवासाला गेलेल्या माणसाने परत आल्यावर उरलेले चलन १८० दिवसांच्या आत बँकेला द्यावे. दोन हजार डॉलरांपर्यंत ते पुढच्या प्रवासासाठी जवळ ठेवता येते.

आता शेवटची गोष्ट, आणि ती गणिताची नव्हे. अशा घरांत दोन्ही टोकांना एकेक चूक घडत असते. मुलगी तेथे प्रत्येक वस्तूला शंभराने गुणते. विद्यापीठाच्या भोजनगृहात चार यूरोंचे जेवण पाहून तिला भोपाळचे चारशे रुपये दिसतात, आणि ती जेवण टाळून बिस्किटांवर दिवस काढते. फोनवर आई विचारते, "जेवलीस का गं?" ती म्हणते, "हो आई, जेवले." हा गुणाकार तेथे चुकीचा आहे. चार यूरो महाग की स्वस्त हे बिट्टन मार्केटच्या भावाशी ताडून ठरत नाही. हाती असलेल्या साडेआठशे यूरोंपैकी आज किती खर्चावयाचे ठरले आहे, त्यावरून ठरते. महिन्याच्या आरंभी भाडे व विमा बाजूला काढून उरलेल्या रकमेला चारांनी भागावे, आणि तो आठवड्याचा वाटा समजावा. त्या वाट्यात बसणारे जेवण खुशाल जेवावे.

दुसऱ्या टोकाला वडील. त्यांच्या लेखी तोच गुणाकार अगदी खरा आहे, कारण त्यांची पुंजी रुपयांत आहे. दर चढला, हप्ता वाढला, ठेव मुदतीआधी मोडावी लागली, पण मुलीने विचारले तर ते म्हणतात, "तू अभ्यासाकडे लक्ष दे, बाळ. पैशाचे मी पाहतो." हे वाक्य मायेचे आहे, पण हिशेबाच्या दृष्टीने घातक आहे. बंद खात्यातून दरमहा येणाऱ्या यूरोंपलीकडे मुलीला काही दिसत नाही. घरी किती शिल्लक आहे हे तिला ठाऊक नसेल, तर दुसऱ्या वर्षी स्वस्त खोली पाहावी, शिष्यवृत्तीसाठी अर्ज करावा, की एक सहामाही लांबवावी, हे ती कशावरून ठरवणार?

म्हणून निघण्यापूर्वी एका संध्याकाळी तिघांनी एकत्र बसावे आणि दोन वह्या कराव्यात. एक यूरोंची, ती मुलीजवळ राहील, आणि तिच्यात रुपया हा शब्द येणार नाही. दुसरी रुपयांची, ती घरी राहील, आणि प्रत्येक हप्त्याबरोबर तिच्यात तारीख, दर, दिलेले एकूण रुपये व उरलेली शिल्लक लिहिली जाईल. तीन महिन्यांतून एकदा दोन्ही वह्यांतील आकडे एकमेकांना वाचून दाखवावेत, चांगले असोत वा वाईट. यूरो कितीवर गेला म्हणजे बेत बदलावयाचा, तो आकडाही त्याच संध्याकाळी ठरवून दोन्ही वह्यांच्या पहिल्या पानावर लिहावा. संकट आल्यावर ठरविलेला आकडा भीतीने ठरतो. आधी ठरविलेला आकडा विचाराने ठरतो.

चलनाचा दर कोणाच्याही हातातला नाही. तो धोका कोणी व किती उचलायचा, एवढेच घराच्या हातात आहे. दरबाराने तो उचलण्याचे दिवस गेले. आता तो आईवडिलांनी व मुलांनी मिळून उचलावयाचा आहे. मिळून उचलावयाचा, तर त्याचे वजन दोघांनाही ठाऊक असले पाहिजे.